माझी कंबर, लेझर आणि आत्याची एफडी

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. आळस हे कारण कायमचंच, पण या खेपेला त्यात थोडी लाजही आहे. का, ते सांगतो.

गेल्या रविवारी सांगलीहून आत्याचा फोन आला. आत्या ६८ वर्षांची. कंबर दोन-तीन वर्षं धरलेलीच असते, गेल्या दिवाळीपासून जास्त. म्हणाली, "अरे, इथे एक नवीन क्लिनिक झालंय. लेझर प्लस मॅन्युअल थेरपी. वीस सिटिंगचं पॅकेज, तीस हजार. तू घेतलं होतंस ना तेच? तू किती छान लिहिलं होतंस ग्रुपवर! मी एक एफडी मोडते, नाहीतरी व्याज काय मिळतंय हल्ली."

मी म्हणालो, "हो हो, चांगलं असतं ते."

आणि फोन ठेवला. मग रात्री झोप लागेना. कारण दोन वर्षांपूर्वी घरच्या ग्रुपवर लेझरची जी तोंड फाटेस्तोवर स्तुती झाली होती ती मीच केली होती, आणि त्यातलं निम्मंअधिक मला आज मान्य नाही. पण ते परत घ्यायचं राहूनच गेलं. तर मंडळी, ही पोस्ट म्हणजे ते परत घेणं आहे. नातेवाइकांनी जरा शेवटपर्यंत वाचावी ही विनंती (दादा, तूसुद्धा. मोबाईल बाजूला ठेव).

आधी माझी कथा, थोडक्यात.

एका सकाळी कुकर उचलताना उसण भरली. आठ दिवसांत ती गेली, पण मागे एक बारीक दुखणं ठेवून गेली. ते चार महिने हटेना. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात, म्हणजे मी रीतसर त्या वर्गात दाखल झालो. गरम पाण्याची पिशवी झाली, महानारायण तेल झालं, पट्टा झाला. एमआरआय झाला. आणि मग ते आपलं सुप्रसिद्ध मराठी निदान: "मणक्यात गॅप आलाय."

मग एका क्लिनिकचं नाव कळलं. नाव इथे देत नाही, कारण भांडण त्या एका क्लिनिकशी नाही. पंधरा सिटिंगचे साडेबावीस हजार, आगाऊ भरले तर एक सिटिंग फुकट. प्रत्येक सिटिंग चाळीस मिनिटांचं: वीस मिनिटं पालथं झोपवून कंबरेवर लेझर, आणि वीस मिनिटं मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने दाबणं, सांधे हलवणं, आखडलेले स्नायू मोकळे करणं. शेवटी व्यायामाचा कागद.

सहा आठवड्यांत मी सत्तर टक्के बरा झालो. लगेच ग्रुपवर लिहिलं, "लेझर म्हणजे चमत्कार आहे."

आता गंमत बघा. त्या सहा आठवड्यांत माझ्या बाबतीत काय काय घडलं त्याची यादी मी परवा रात्री बसून केली. लेझर लागला. एका शिकलेल्या मुलीने वीस-वीस मिनिटं कंबर हाताळली. व्यायाम केले, तेही रोज, कारण पैसे भरले होते. क्लिनिकपाशी स्कूटर लावायला जागा नसायची, म्हणून लांब लावून येऊन-जाऊन दीडेक किलोमीटर चालणं व्हायचं. ऑफिसात दर तासाला उठायला लागलो. कोणीतरी "घाबरू नका, वाकलात तर काही मोडत नाही" असं समजावलं, त्यामुळे वाकायची भीती गेली. आणि सहा आठवडे गेले, हेही घडलंच की.

सात गोष्टी घडल्या. श्रेय मी दिलं एकीला. का? कारण तिच्यात दिवा होता. काळा गॉगल होता. मशीन पीं पीं करायचं. (आणि ज्या लाल ठिपक्याकडे बघून मी भारावून जायचो, तो नुसता नेम धरायला असतो. अशा बऱ्याच यंत्रांत उपचाराचा खरा प्रकाश अवरक्त असतो, तो डोळ्यांना दिसतच नाही. हे मला फार नंतर कळलं.)

आमच्या गावी उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचे. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. त्याने दुखऱ्या कंबरेला पाय लावायचा, की उसण गेली. आजीचा यावर गाढ विश्वास होता आणि तिची उसण खरोखर जायचीसुद्धा! आपण हसतो. पण ती का जायची? कारण उसण बहुतेक वेळा थोड्या दिवसांत आपोआपच उतरते. शिवाय माणूस पायाळूला बोलावतो ते दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेलं दुखणं पुढे उतरण्याचीच शक्यता जास्त. जुनाट कंबरदुखीलाही असे चढउतार असतातच. आपण क्लिनिकची पायरी चढतो ती चढाच्या दिवशी. मग उतार लागला की श्रेय त्यावेळी जो समोर असेल त्याला. आजीच्या वेळी पायाळू होता, माझ्या वेळी मशीन. फरक एवढाच की पायाळू चहावर भागवायचा.

असो. पुढचं ऐका. गेल्या वर्षी पावसाळ्यात कंबर पुन्हा धरली. गेलो त्याच क्लिनिकला. तर लेझर बंद! दुरुस्तीला गेलेला. ती फिजिओथेरपिस्ट मुलगी ओशाळून म्हणाली, "काका, मशीन नाहीये, तर पूर्ण वेळ मी हातानेच करते, चालेल?" (काका! वय ४९ आहे माझं. असो.) चाळीसच्या चाळीस मिनिटं तिने माझ्यासाठी दिली. कसा बसतोस, कसा झोपतोस, कुठला व्यायाम करायला घाबरतोस हे पहिल्यांदाच नीट विचारलं. एक व्यायाम मी वर्षभर चुकीचा करत होतो, तो पकडला. पाच सिटिंगमध्ये मी पुन्हा कामाला लागलो.

म्हणून लेझर निरुपयोगी ठरला का? नाही. एका माणसाची कंबर हा पुरावा नव्हे, ना लेझरच्या बाजूने ना विरुद्ध. पहिल्या वेळी जी चूक केली तीच उलटी कशाला करू? पण त्या बंद मशीनमुळे एक प्रश्न डोक्यात शिरला: या जोडउपचारात लेझर नेमकी कसली भर घालतो?

हा प्रश्न कसा सोडवायचा ते साधं आहे. सगळ्यांना तेच हात, तोच व्यायाम द्यायचा. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरा लेझर, निम्म्यांना खोटा. खोटा म्हणजे मशीन चालू, आवाज चालू, गॉगल चढवलेला, फक्त उपचाराचा प्रकाश बंद. कोणाला काय मिळालं ते रुग्णाला माहीत नको. मग फरक दिसला तर तो लेझरचा. "लेझर अधिक हात विरुद्ध काहीच नाही" अशी तुलना करून काही कळत नाही, कारण तिथे हातांची पुण्याई लेझरच्या खात्यात जमा होते.

अशा चाचण्या झाल्यात का? झाल्यात. हाताच्या उपचारासोबत कमी, व्यायामासोबत जास्त. पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा मंद लेझर आणि कंबरदुखीवरचा आढावा २००८ साली अद्ययावत झाला. त्यात सात छोट्या चाचण्या होत्या. तीन चाचण्यांत, म्हणजे १६८ माणसांत, खोट्या लेझरपेक्षा खरा सरस ठरला, पण तो फरक आकडेमोडीत दिसणारा, रुग्णाच्या दृष्टीने किरकोळ. आणि व्यायामाला लेझरची जोड देऊन पाहिली त्या तीन चाचण्यांत, १०२ माणसांत, जोड दिल्याने काही फरक पडला नाही. निष्कर्ष काय, तर ठाम काही सांगता येईल एवढा पुरावाच नाही. पुढे २०२१ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी लेझरच्याच घराण्यातल्या प्रकाशोपचाराची चाचणी प्रसिद्ध केली. जुनाट कंबरदुखीचे १४८ रुग्ण, खरा प्रकाश विरुद्ध खोटा. खरा प्रकाश खोट्यापेक्षा सरस ठरला नाही.

आता लेझरच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर मी त्या क्लिनिकच्या माहितीपत्रकासारखाच एकांगी ठरेन. २००७ साली इराणी संशोधकांच्या ६१ रुग्णांच्या चाचणीत व्यायामाला लेझर जोडलेल्या गटाला सहा आठवड्यांनी काही जास्त फायदा नव्हता, पण बारा आठवड्यांनी दुखणं दहापैकी १.८ ने जास्त कमी दिसलं. तीन गटांत मिळून ६१ माणसं, म्हणजे एका गटात वीसेक. २०१४ मध्ये मोठ्या ताकदीच्या लेझरची ७२ पुरुषांवरची चाचणी आली, तीही जोडीच्या बाजूने. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी औषधाविना उपचारांची लांब यादी दिली. तिच्यात व्यायाम आहे, योग आहे, आणि मंद लेझरही आहे, पण पुढे स्पष्ट लिहिलंय: पुरावा कमी दर्जाचा. पॅकेजच्या सगळ्यात जवळ जाणारी चाचणी जोहान्सबर्गची, २०११ सालची. फक्त हात, फक्त लेझर आणि दोन्ही असे तीन गट. दोन्हीवाला गट पुढे. पण ती मानेची होती, कंबरेची नव्हे, ६० तरुण स्त्रियांवरची, आणि तिच्यात खोटा लेझर नव्हताच! म्हणजे दोन उपचार मिळालेल्यांना एक मिळालेल्यांपेक्षा बरं वाटलं. यात नवल ते काय?

"कदाचित थोडा उपयोग होत असेल, छोट्या चाचण्या उलटसुलट सांगतात" हे आजचं खरं चित्र. हे वाक्य कुठल्या क्लिनिकच्या फलकावर कधी वाचलंय?

फलकावर काय असतं? "पेशी पुनरुज्जीवित करणारं तंत्रज्ञान." या गोष्टीची सुरुवात बुडापेस्टच्या एन्ड्रे मेस्टर यांच्यापासून सांगतात. लेझरचा शोध १९६० चा. १९६७ मध्ये मेस्टर यांनी केस काढलेल्या उंदरांवर लेझरचा मंद प्रकाश टाकला, तर तिथले केस लवकर उगवले. तिथून पुढे पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियावर या प्रकाशाचा परिणाम होतो असं बरंच संशोधन झालं. ते खोटं नाही. पण उंदराच्या कातडीवर केस उगवणं वेगळं आणि कातडी, चरबी, जाडजूड स्नायू पार करून काही सेंटिमीटर आत असलेल्या माझ्या मणक्यापर्यंत पुरेसा प्रकाश पोचणं वेगळं. वाटेतच तो विखुरतो आणि शोषला जातो. पोटाचा घेर जसा पुढे असतो तसा थोडा मागेही असतो हो. :)

आता हातांकडे वळू. मी हातांचा भक्त झालोय असं वाटत असेल तर तसंही नाही. हाताने केलेल्या उपचाराचा पुरावा लेझरपेक्षा खूप मोठा आहे, पण तोही विनम्र आहे. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मणक्याच्या हाताळणीच्या ४७ चाचण्यांचा आढावा आला, नऊ हजारांवर रुग्ण. निष्कर्ष असा की ही हाताळणी व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांइतकीच चालते. इतकीच, जास्त नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं की हाताचे उपचार द्यायचे तर व्यायामासोबतच, सुटे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात व्यायाम, रुग्णाला समजावून सांगणं, मणक्याची हाताळणी, मालिश यांना जागा आहे. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्सचं मशीन आणि कंबरेचा पट्टा यांना नको म्हटलंय. (माझ्या कपाटात दोन पट्टे आहेत. कोणाला हवेत?) आणि तो 'कट' आवाज येतो ना, ते हाड जागेवर बसणं नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज.

मग माझं भांडण कशाशी? 'जोड' या शब्दाशी. लेझर बरा, हात बरे, म्हणून दोन्ही मिळून दुप्पट बरे, असा हिशोब मांडून पॅकेज विकलं जातं, आणि तो हिशोब कोणी सिद्ध केलेला नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रत्यक्षात ही बेरीज नसून वजाबाकी असते. सिटिंग चाळीस मिनिटांचंच राहतं. लेझरची वीस मिनिटं कुठून आली? त्या मुलीच्या हातांतून आणि बोलण्यातून कापून. मी पालथा पडलेला असायचो तेव्हा ती पलीकडच्या दोन पडद्यांआड दोन माणसं बघत असायची. तिचा दोष नाही. महागड्या मशीनचे पैसे वसूल व्हायचे तर ते सतत चालू राहायला हवं, आणि त्याला तिच्या वेळेची गरज लागत नाही, हा धंद्याचा सरळ हिशोब. साडेचार वर्षं शिकून आलेल्या मुलीचं डोकं आणि हात हा त्या क्लिनिकमधला सगळ्यात मोलाचा ऐवज. त्याला आपण 'लेझरसोबत' मिळणारी वस्तू करून टाकलं.

यावर दादा नेहमीचं बोलणार, मला माहीत आहे: "कशाने का असेना, बरं वाटलं ना? मग झालं!"

झालं नाही. एक तर तीस हजार. दुसरं म्हणजे माणूस त्यातून काय शिकतो हे महत्त्वाचं. मी शिकलो की माझा मणका बिघडलाय आणि तो मशीनने दुरुस्त होतो. म्हणून दुसऱ्यांदा दुखलं तेव्हा व्यायामाचा कागद कुठे ठेवलाय तेही आठवेना, क्लिनिकचा नंबर मात्र पाठ होता. आणि तो 'गॅप'! २०१५ सालच्या एका आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर माणसांची स्कॅनिंग पाहिली होती. विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये चकतीची झीज होती, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांमध्ये. दुखत नसताना! म्हणजे चकतीची झीज ही बरीचशी केस पिकण्यासारखी. तिला घाबरून जन्मभर वाकायचं सोडणारी माणसं आपल्या घरातच तीन आहेत.

आता आत्या, हे तुला.

सगळ्यात आधी डॉक्टरांना दाखव, क्लिनिकला नंतर. पायातली शक्ती कमी होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, बसायच्या जागी बधिरपणा येत असेल तर एक दिवसही थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल. ताप, विनाकारण वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं हेही लपवायचं नाही. आणि तुझं वय बघता हाडं ठिसूळ झाली आहेत का हे विचारून घे. ठिसूळ हाडांवर कोणी जोर लावून 'कट' करायला निघालं तर सरळ नाही म्हण.

यातलं काही नसेल, तर पॅकेज न घेता एखाद्या चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. पाच-सहा भेटींचे पैसे त्या त्या दिवशी दे. हाताने करून घे, तुला छान वाटेल, पण प्रत्येक भेटीत एक तरी व्यायाम शिकून ये आणि तिच्यासमोर करून दाखव. गणपती मंदिरापर्यंत रोज चालत जा, दुखलं तरी थोडं चाल. लेझर घ्यावासा वाटलाच तर तिथे चार प्रश्न विचार: तरंगलांबी किती, ताकद किती वॅट, एका सिटिंगला किती ज्यूल, आणि लेझर न घेता नुसती मॅन्युअल थेरपी मिळेल का, कितीला? पहिल्या तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर समज की ते औषधाचा डोस न सांगता औषध विकताहेत. चौथ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर चप्पल घाल आणि घरी ये.

लेझरने तुला इजा होईल असं मी म्हणत नाही. डोळे झाकून आणि नीट वापरला तर तो बहुतेकांना निरुपद्रवीच आहे. उद्या मोठी, नीट चाचणी आली आणि हातांना लेझर जोडल्याने कंबरेला खरंच फरक पडतो असं दिसलं, तर इथेच तसं लिहीन. शब्द परत घ्यायची आता सवय झालीय. पण तोपर्यंत पुरावा द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, एफडी मोडणाऱ्याची नाही. आणि मी ग्रुपवर जे लिहिलं होतं ते पुरावा नव्हतं. तो बरं वाटल्याच्या आनंदात लिहिलेला मेसेज होता.

असो. तुमच्यापैकी कोणी असं पॅकेज घेतलं असेल तर खाली जरूर लिहा, पण त्या दिवसांत आणखी काय काय केलंत तेही प्रामाणिकपणे लिहा. चालणं धरून.

आत्या, रात्री नऊनंतर फोन करतो. एफडीला हात लावू नकोस. आणि आता उठतो, तास होत आला बसून.